कोटेशनमधल्या अकरा अ‍ॅक्सेसरीज: कपाटात कोणत्या घ्याव्यात?

प्रश्न थोडक्यात असा. कांदिवलीतला टू बीएचके, बेडरूम दहा बाय अकरा, साडेसात फुटांची भिंत. तिच्यावर सात फूट उंच, दोन फूट खोल कपाट, वर लॉफ्ट, सगळं अठरा मिमीच्या प्लायमध्ये, उघडणारी शटर्स. राहणारी माणसं दोन, साड्या चाळीसेक. कोटेशनमध्ये अकरा अ‍ॅक्सेसरीज आहेत: ट्राउझर पुलआउट, साडी रॅक, टाय-बेल्ट रॅक, ज्वेलरी ट्रे, फिरता आरसा, आत सरकणारा इस्त्री बोर्ड, लॉन्ड्री बास्केट, शू रॅक, सेन्सर लाइट, डिजिटल लॉकर आणि वॉर्डरोब लिफ्ट. यातलं खरंच काय उपयोगाचं?

अकरापैकी तीन ठेवा, दोन बदलून घ्या, सहा काटा. वाचलेल्या पैशांतून कोटेशनमध्ये नसलेल्या दोन-तीन गोष्टी घ्या. कारणं सांगतो, कारण तुमची भिंत किंवा कपडे वेगळे असतील तर उत्तरही बदलेल.

मुंबईत अ‍ॅक्सेसरीची खरी किंमत रुपयांत नसते, इंचांत असते. साडेसात फूट म्हणजे ९० इंच. तीन खण केले तर चार उभ्या फळ्या, अठरा मिमीच्या हिशोबाने पावणेतीन इंच गेले. उरले ८७, म्हणजे एका खणाला आतून २९ इंच. (मॉड्युलरवाला तीन सुटी खोकी करून शेजारी-शेजारी लावतो, तेव्हा उभ्या फळ्या सहा होतात आणि आणखी दीड इंच जातो. त्याला ते सोयीचं असतं, तुम्हाला नाही.) आता कोणतीही अ‍ॅक्सेसरी या २९ इंचांत किती कपडे मावू देते आणि साध्या रॉडवर किंवा फळीवर किती मावले असते, एवढं मोजायचं.

ट्राउझर पुलआउट याच हिशोबात बाद होतो. २९ इंचांच्या खणात बसणाऱ्या रॅकवर साधारण डझनभर पँटी राहतात. त्याच जागी रॉड लावला आणि हँगरला सव्वा इंच धरला तर २२-२३ पँटी लटकतात, शिवाय उद्या तिथे कुर्ते लावायचे झाले तरी अडत नाही. ज्याच्या कपाटाची खोली १८ इंचच आहे आणि हँगर आडवा बसतच नाही, त्याने हा रॅक जरूर घ्यावा. तुमचं कपाट दोन फूट खोल आहे.

त्या खणात वर-खाली दोन रॉड करा. सात फुटांच्या कपाटात खालचं स्कर्टिंग (जमिनीलगतची पट्टी) आणि फळ्या वजा जाता ७८ इंच उंची मिळते. वर ३९, खाली ३८. शर्टाला हँगरच्या आकड्यासकट ३६ ते ३८ इंच लागतात, हँगरवर दुमडलेल्या पँटीला ३० पुरतात. अनारकली, गाऊन, लांब कोट असतील तर दुसऱ्या एका खणात निदान ६० इंचांची सलग उंची सोडा. मिस्त्रीला आकडे सांगण्याआधी घरातला सगळ्यात लांब कपडा हँगरला लावून टेपने मोजा. उंच माणसाचा झब्बा ४५ इंचांच्या पुढे सहज जातो.

रॉडबद्दल कोटेशनमध्ये बहुधा 'हँगर रॉड' एवढंच लिहिलेलं असतं. लंबगोल पाइप घ्या, ३० बाय १५ मिमीचा, अ‍ॅल्युमिनियमचा किंवा ३०४ ग्रेड स्टीलचा. लोखंडावर क्रोम चढवलेला रॉड पहिल्याच एक-दोन पावसाळ्यांत टोकांकडून गंजायला लागतो, कारण कापलेल्या कडेवर क्रोम नसतं आणि तोच गंज पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर उतरतो. चुंबक लावून ३०४ ओळखता येत नाही, हलक्या दर्जाच्या २०२ ग्रेड स्टीललाही चुंबक फारसं चिकटत नाही. स्टील तपासायचं थेंबाचं किट बाजारात मिळतं, २०२ वर डाग लालसर होतो. रॉड तीन फुटांच्या पुढे गेला तर मध्ये वरून आधार हवा. तुमच्या २९ इंचांना नको. रॉडचा मध्य पाठीपासून ११ ते १२ इंचांवर आणि वरच्या फळीपासून दोन इंच खाली ठेवा, नाहीतर हँगर उचलून काढताच येत नाही.

ड्रॉवरचा विषय सगळ्यात जास्त पैसे खातो आणि सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून तो नीट बघू. ड्रॉवर शटरच्या आत असतो. शटर नव्वद अंशांत उघडलं तरी त्याची जाडी आणि हिंज (बिजागरी) खणाच्या तोंडात थोडं आत येतात. ड्रॉवर बाहेर ओढला की शटरच्या कडेला घासतो, वर्षभरात सनमायकाची कड उडते. उपाय दोन आहेत. एक म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचाची फिलर पट्टी देऊन ड्रॉवर आत घेणं. दुसरा, १५५ किंवा १६५ अंशांचे झिरो प्रोट्रूजन हिंज लावणं, म्हणजे उघडलेलं शटर खणाच्या तोंडात येतच नाही. ते महाग पडतात आणि शेजारी भिंत किंवा खिडकीची ग्रिल असेल तर शटर तितकं उघडतच नाही.

फिलर लावला तर काय उरतं बघा. २९ मधून तीन इंच फिलर, २६. टेलिस्कोपिक चॅनलला (ड्रॉवर ज्यावर सरकतो ती पट्टी) एका बाजूला चार सूत, म्हणजे अर्धा इंच लागतो, दोन्ही मिळून एक इंच, २५. ड्रॉवरच्या बाजू बारा मिमीच्या प्लायच्या, आणखी एक इंच. हातात आले २४. म्हणजे ड्रॉवर असलेल्या प्रत्येक खणात पाच इंच रुंदी जाते. म्हणून तीन खणांत दोन-दोन ड्रॉवर वाटू नका. सगळे एकाच खणात घ्या, बाकीचे दोन खण पूर्ण २९ इंच मोकळे राहतील. स्लायडिंग कपाट असेल तर हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो: दोन शटर्स जिथे एकावर एक येतात त्या पट्ट्यात ड्रॉवरची कड सापडली तर तो ड्रॉवर कधीच पूर्ण उघडत नाही.

चॅनल ४५ मिमी उंचीचा बॉल बेअरिंगचा, सॉफ्ट क्लोज (शेवटी आपोआप हळू मिटणारा), ३५ किलोच्या पुढच्या क्षमतेचा घ्या. तुमच्या कपाटात आतली खोली साडेबावीस इंच मिळेल, तिथे २० इंची चॅनल बसतो. १८ इंची लावला की मागे चार इंच पोकळी राहते आणि तुम्हाला ती कधी दिसतही नाही, पण कोटेशनमध्ये तोच स्वस्त पडतो म्हणून लिहिलेला असतो. ड्रॉवरच्या तळाला ६ मिमी प्लाय खिळ्यांनी ठोकलेला नको. २४ इंच रुंदीला ९ मिमी, खाचेत बसवलेला हवा. ड्रॉवरमध्ये चादरी भरल्या की सहाचा तळ पोट काढतो आणि खालच्या ड्रॉवरवर घासतो.

सॉफ्ट क्लोज बिघडण्याचं कारण बहुतेक वेळा चॅनल नसतो, सुतारकाम असतं. ड्रॉवरचं खोकं गुण्यात (काटकोनात) नसेल किंवा दोन्ही बाजूंची फट पुढे १३ मिमी आणि मागे १५ असेल तर शेवटच्या दोन इंचांत पकडणारा लॅच सुटतो, ड्रॉवर अर्धा इंच उघडा राहतो. बसवायच्या आधी खोक्याचे दोन्ही कर्ण मोजायला लावा. दोन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर ते खोकं परत. आणि चॅनल बसवून झाल्यावर त्याच खोलीत प्लाय कापू देऊ नका. भुसा ग्रीसमध्ये बसला की बेअरिंग कुरकुरायला लागतं आणि तो भुसा पुन्हा पूर्ण निघत नाही.

अंडरमाउंट, म्हणजे ड्रॉवरच्या तळाखाली बसणारा चॅनल दिसायला देखणा, धूळही कमी धरतो. पण त्याला ड्रॉवरचं माप मिमीत अचूक लागतं आणि तळाला मागे खाच, पुढे क्लिप. जागेवर काम करणाऱ्या सुताराला त्याची सवय नसेल तर आग्रह धरू नका. फॅक्टरीत कापून येणार असेल तर घ्या.

हिंजमध्ये काटकसर नको. ८४ इंच उंच, १५ इंच रुंद, दोन्ही बाजूंनी सनमायका लावलेलं शटर ११ ते १२ किलोचं होतं. त्याला चार हिंज. तीनवर भागतं असं सांगतील. भागतं, पण वर्षभरात वरचा हिंज ओढला जाऊन शटर खाली झुकतं आणि दोन शटर्सची मधली फट वर बारीक, खाली रुंद दिसायला लागते. क्रँक म्हणजे हिंजच्या दांडीचा बाक. कडेच्या फळीला, जिथे शटर फळीची पूर्ण कड झाकतं, फुल ओव्हरले म्हणजे झिरो क्रँक, मधल्या फळीवर दोन बाजूंची शटर्स येतात तिथे हाफ क्रँक. ऑर्डर देताना हे मोजून द्या. चुकीचा क्रँक आला की मिस्त्री फळीवर चार सुतांची पट्टी मारून वेळ मारून नेतो आणि स्क्रू त्या पट्टीत धरतात, फळीत नाही.

कोटेशनमध्ये नसलेली पण सात फुटी शटरला हवीच अशी वस्तू म्हणजे स्ट्रेटनर. शटरमध्ये खाच मारून बसवायची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, टोकाला अ‍ॅलन कीने आवळायची सोय. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा आणि ऑक्टोबरनंतरचा कोरडेपणा यांत उंच शटर धनुष्यासारखं वाकतं, विशेषतः बाहेर एक मिमी सनमायका आणि आत लायनर, म्हणजे पातळ लॅमिनेट असेल तर. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचं लॅमिनेट हा पहिला उपाय, स्ट्रेटनर दुसरा. ती पट्टी लॅमिनेट चढवण्याआधी ठरवावी लागते, नंतर सुचून उपयोग नसतो.

आता आरसा. फिरणारा पुलआउट आरसा स्वतःच्या यंत्रणेसाठी चार-पाच इंच घेतो आणि त्याच्या शेजारचे हँगर कायम अडकतात. त्याऐवजी शटरच्या आतल्या बाजूला चार फूट बाय १२ इंचांचा ५ मिमी आरसा चिकटवा. काचेचं वजन चौरस मीटरला प्रति मिमी अडीच किलो, म्हणजे हा आरसा पावणेपाच किलोच्या आत. त्या शटरला पाचवा हिंज द्या. मागे सेफ्टी फिल्म असलेला आरसा मागा. चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉनच वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आरशामागचा थर खातं आणि सहा महिन्यांत काळे डाग उमटतात. आरशाच्या कडा शटरच्या कडेपासून दीड इंच आत ठेवा, आतल्या फळ्याही थोड्या मागे घ्या, नाहीतर शटर मिटताना आरसा फळीवर आपटतो.

साडी रॅकचं उत्तर साड्यांवर आहे. रोजच्या कॉटन, सिंथेटिक, जॉर्जेट साड्या रॉडवर किंवा रॅकवर बिनधास्त लटकवा. पैठणी, कांजीवरम आणि जरीकाठाच्या जड साड्या लटकवू नयेत. सगळं वजन एका घडीवर येतं, तिथे रेशीम विरतं आणि जर तुटते. त्यांच्यासाठी रॅकच्या पैशांत दोन उथळ पुलआउट ट्रे करून घ्या, पाच इंच खोलीचे, त्याच ड्रॉवरच्या खणात. एकावर एक चार-पाचच साड्या, प्रत्येक मलमलच्या किंवा जुन्या धुतलेल्या सुती कापडात. प्लॅस्टिकचे साडी कव्हर पावसाळ्यात आतली दमट हवा आतच धरून ठेवतात. तीन-चार महिन्यांनी घडी बदला, आणि डांबरगोळ्या जरीला टेकवू नका, जर काळवंडते.

ज्वेलरी ट्रे ठेवा, पण मखमलीचा, जागेवर चिकटवलेला नको. मखमल ओल धरते, पावसाळ्यात तिच्यावर पांढरी बुरशी येते आणि खोटे दागिने लवकर काळे पडतात. सुटा, उचलून उन्हात ठेवता येणारा अ‍ॅक्रिलिकचा किंवा फेल्टचा विभागलेला ट्रे घ्या, चार इंची वरच्या ड्रॉवरमध्ये बसेल एवढा. इमिटेशनचे दागिने झिप पाकिटात. सोनं या ट्रेमध्ये नाहीच.

सोन्यासाठी लॉकर, आणि लॉकरमध्ये यंत्रापेक्षा बोल्ट महत्त्वाचा. प्लायच्या फळीवर स्क्रू मारलेला लॉकर उचलून नेता येतो. मागून किंवा खालून भिंतीत किंवा स्लॅबमध्ये एक्सपान्शन बोल्ट गेला पाहिजे, म्हणजे त्या जागी कपाटाची पाठ कापून लॉकर थेट भिंतीला टेकवायचा. नव्या टॉवरमध्ये मिवानच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या आरसीसी भिंती असतात, त्यात बोल्ट उत्तम धरतो. मात्र भोक पाडण्यापूर्वी आत वायरिंगचा पाइप कुठून गेला आहे हे बघून घ्या. हलक्या एएसी (सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंतीत साधा बोल्ट सैल पडतो, तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट लागतो. इमर्जन्सी चावी लॉकरच्या आत ठेवणारे लोक कमी नाहीत. सेल संपतात त्या दिवशी ते आठवतं.

लाइट घ्याच. कपाटाच्या वरच्या फळीला लावलेला दिवा फक्त वरचा कप्पा उजळतो. पट्टी उभी लावा, पुढच्या कडेला, बाजूच्या फळीत, तोंड आतल्या बाजूला तिरकं. मीटरला ५ वॅटची, २४ व्होल्टची पट्टी पुरते. तीन खणांना साधारण साडेपाच मीटर लागेल, म्हणजे २७-२८ वॅट. त्यावर ३६ वॅटचा ड्रायव्हर (पट्टीला वीज पुरवणारा डबा). पट्टी अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलमध्येच बसवा. थेट प्लायवर चिकटवली की उष्णता आणि दमटपणा यांनी तिचा गोंद सुटतो आणि ती लोंबकळते. रंग ४००० केल्व्हिन आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर, नाहीतर काळा आणि गडद निळा यांतला फरक बाहेर उजेडात गेल्यावर कळतो. प्रत्येक खणाला स्वतंत्र शटर सेन्सर. ड्रायव्हर लॉफ्टमध्ये सोडून देतात आणि त्यावर गाद्या, रजया रचल्या जातात. तो तापतो, आणि कापसाखाली तापणारी वस्तू ठेवायची नसते. लॉफ्टच्या बाजूच्या फळीवर, हात पोचेल अशा जागी, पुढे जाळीचं झाकण देऊन लावा.

उरलेल्यांचा निकाल लवकर लागतो. इस्त्री बोर्डाने एका ड्रॉवरची जागा जाते, शेजारी प्लग लागतो, आणि बिल्डिंगखाली इस्त्रीवाला असताना तो वर्षातून चारदा उघडतो. घामाचे कपडे बंद कपाटात साठवणारी लॉन्ड्री बास्केट आपल्या हवेत वासाची पेटी होते. बुटांचंही तेच, ती दाराजवळची वस्तू आहे. टाय-बेल्ट रॅकचं काम शटरच्या आतले चार हुक करतात. वॉर्डरोब लिफ्ट उंचावरचा रॉड खाली ओढण्यासाठी असते. वर लॉफ्ट वेगळा केल्यावर तिला जागाच उरत नाही.

त्या बदल्यात व्हॅले रॉड घ्या. फळीखाली बसणारी, दहा-बारा इंच बाहेर येणारी छोटी दांडी. इस्त्रीहून आलेला गठ्ठा त्यावर टांगून लावता येतो, उद्याचे कपडे रात्री काढून ठेवता येतात. रुंदी शून्य खाते. पावसाळ्यात अर्धे ओले कपडे तिच्यावर वाळत घालण्याचा मोह मात्र आवरा.

लॉफ्टबद्दल कोणी विचारत नाही ते सांगतो. कपाटाच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत दहा फूट असतील तर पंखा कपाटाच्या भिंतीपासून पाच फुटांवर येतो. ४८ इंची पंख्याचं पातं त्यातले दोन फूट घेतं, कपाट दोन फूट. उरला एक फूट, आणि लॉफ्टचं शटर १५ इंचांचं. पंख्याच्या रेषेत येणारं शटर चालू पंख्याला लागतं. तेवढ्या भागात लॉफ्टची शटर्स १० ते ११ इंचांची करा किंवा स्लायडिंग. वर उचलणारी, गॅस पंपाची शटर्स नकोत: ती पंख्याकडे आणखी पुढे येतात, शिवाय पूर्ण उघडली की हँडल छताला जातं आणि स्टुलावर चढूनही हात पोचत नाही.

ओलीसाठी अ‍ॅक्सेसरीपेक्षा रचना महत्त्वाची. कपाटाची भिंत बाहेरची किंवा बाथरूमची असेल तर आधी ती कोरडी आहे का बघा, पाठीच्या प्लायला मागूनही लॅमिनेट किंवा प्रायमर द्या आणि भिंतीपासून निदान अर्धा इंच सोडा. खालच्या दोन फुटांत आयएस ७१० चा (मरीन) प्लाय, बाकी आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा) चालतो. स्कर्टिंगमध्ये आणि कपाटाच्या वरच्या बाजूला अशी दोन ठिकाणी छोटी जाळी ठेवा. एकाच ठिकाणी ठेवली तर हवा फिरत नाही. डांबरगोळ्या आणि कापूर किड्यांसाठी आहेत, ओलावा ते कमी करत नाहीत. त्यासाठी कॅल्शियम क्लोराइडचे डबे. त्यात पाणी साठतं, म्हणून ते खाली ताटलीत ठेवा, चामड्याच्या पिशव्यांपासून लांब. ते खारट पाणी सांडलं तर चामडं कडक होतं. पूर्वी कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवत. तो बल्ब तापायचा म्हणून उपयोग होता, आगीचा धोकाही त्याच कारणाने होता. एलईडीने यातलं काहीच होत नाही.

शेवटी कोटेशन. 'ब्रँडेड हार्डवेअर' हे काही माप नव्हे. हेटिश, हाफेले, ब्लूम, एबको, गोदरेज यांतलं काहीही घ्या, पण प्रत्येक वस्तूचा मॉडेल नंबर, लांबी, भार क्षमता आणि नग लिहून घ्या. एकाच कंपनीचे साधे आणि वरच्या दर्जाचे चॅनल दिसायला सारखे असतात. शक्य असेल तर हार्डवेअर तुम्हीच आणा, नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून किंवा जवळच्या अधिकृत डीलरकडून, आणि प्लाय कापायच्या आधी माल घरात येऊ द्या, कारण ड्रॉवरची मापं चॅनलवर ठरतात, उलटं नाही. शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक ड्रॉवरमध्ये पंधरा-वीस किलो पुस्तकं भरून ओढून बघा आणि सगळी शटर्स एकदम उघडा. दोन हिंज आणि चॅनलची एक जोडी जास्तीची घ्या; मॉडेल बदलतात आणि पाच वर्षांनी नेमकं तेच मिळत नाही.